नाव तेच, फाइल दुसरी: सॉफ्टवेअरच्या ठशांची गोष्ट



आजच्या भागाची सुरुवात १ ऑगस्ट २००२ या दिवसापासून करू. फ्रीबीएसडी नावाची एक संगणकप्रणाली आहे, युनिक्सच्या घराण्यातली. ती वापरणारा एक जण आपल्या मशिनवर ओपनएसएसएच बसवत होता. ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचं साधन. सर्व्हर सांभाळणारी माणसं दिवसभर याच दाराने ये-जा करतात. म्हणजे दाराचं कुलूपच म्हणा ना. आणि हे कुलूप घडवणारे ओपनबीएसडीचे लोक सुरक्षेच्या बाबतीत कमालीचे काटेकोर म्हणून ओळखले जातात.

फाइल त्यांच्याच अधिकृत सर्व्हरवरून उतरली. नाव बरोबर होतं, आवृत्ती बरोबर होती, ३.४पी१. तरीही फ्रीबीएसडीने ती बसवायला नकार दिला. कारण एकच. फ्रीबीएसडीच्या वहीत या फाइलीचा जो ठसा लिहून ठेवला होता तो ‘४५९सी१डी०२’ असा सुरू होत होता, आणि उतरलेल्या फाइलीचा ठसा निघाला ‘३एसी९बीसी३४’ असा सुरू होणारा.

अशा वेळी आपण काय करतो? ‘अर्धवट उतरली असेल’ म्हणतो, फाइल पुसतो, पुन्हा उतरवतो. फारच कंटाळा आला तर तपासणी बंद करून पुढे जातो. इथे तसं झालं नाही. फाइल उघडून पाहिली गेली, आणि आत एक जास्तीची वस्तू सापडली: ‘बीएफ-टेस्ट.सी’ नावाची एक छोटी फाइल. नाव असं साळसूद की वाटावं, कसलीतरी चाचणी असेल. कोणी ओपनएसएसएच कंपाइल करायला घेतलं की ही फाइल मधल्यामध्ये चालायची आणि दर तासाला बाहेरच्या एका ठरावीक संगणकाला हाक मारायची. तिकडून हुकूम आला, तर ज्याने कंपाइल केलं त्याच्या अधिकारात तिकडच्या माणसाला मशिन मोकळं.

ओपनबीएसडीच्या चमूने त्याच दिवशी खरी फाइल जागेवर ठेवली. अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने त्याच तारखेला जगभर इशारा दिला. खोटी फाइल ३० किंवा ३१ जुलैपासून तिथे पडून होती. म्हणजे दोन दिवसांत प्रकरण उघडकीला आलं, आणि ते आलं एका वहीतल्या बत्तीस अक्षरांमुळे.

ही बत्तीस अक्षरं काय असतात, कुठून आली आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, ही आजची गोष्ट.

आधी ठसा म्हणजे काय ते बघू. संगणकाच्या भाषेत त्याला हॅश म्हणतात. तुम्ही एखादी फाइल घ्या, दोन ओळींचं पत्र असो की चार जीबीचा सिनेमा. हॅशचं गणित ती सगळी फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दळून काढतं आणि शेवटी ठरावीक लांबीचा एक आकडा देतं. तीच फाइल असेल तर आकडा तोच, मग मशिन कोल्हापुरातलं असो की कॅनडातलं. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तर आकडा थोडासा बदलत नाही, ओळखू येणार नाही इतका बदलतो. आणि पिठावरून जसा गहू परत करता येत नाही, तसं आकड्यावरून फाइल परत मिळत नाही. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो पण माणूस तयार करता येत नाही, तसंच हे.

सुरुवातीला या ठशांची कोणाला गरज वाटत नव्हती. विद्यापीठातून विद्यापीठात टेपा जायच्या. देणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा. भीती होती ती फक्त वाटेत काही बिघडण्याची: टेप खराब होणं, टेलिफोनच्या तारेवरची खरखर. त्यासाठी बेरजेच्या तपासण्या होत्या. १९६१ साली वेस्ली पीटरसन यांनी सीआरसी नावाची एक फार सुंदर तपासणी दिली, जी आजही तुमच्या झिप फाइलीत आणि नेटवर्कच्या केबलवर काम करते. पण सीआरसी अपघात पकडते, घातपात नाही. ज्याला मुद्दाम फाइल बदलायची आहे तो चार बाइट इकडेतिकडे करून सीआरसी पुन्हा पूर्वीसारखी करून देतो. वाणीसामानाच्या हिशेबात एका ओळीत दहा रुपये वाढवून दुसरीत दहा कमी करावेत, बेरीज तीच राहते, तसा प्रकार.

घातपात पकडणारं गणित हवं, हा विचार आला तो सह्यांच्या वाटेने. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीच्या गुप्तलेखनावरचा आपला गाजलेला निबंध छापला. त्यातून डिजिटल सहीची कल्पना पुढे आली. पण अख्ख्या दस्तऐवजावर अशी सही करायची म्हणजे गणित फार वेळखाऊ. मग दस्तऐवजाचा छोटा ठसा काढावा आणि सही त्या ठशावर करावी, असा मार्ग निघाला. त्याच सुमाराला राल्फ मर्कल हा तरुण स्टॅनफर्डमध्ये ठशांचे ठसे काढून त्यांचं झाड रचण्याचा विचार करत होता. आज त्याच्या नावाने ओळखलं जाणारं ते झाड पुढे आपल्याला भेटणार आहे.

एमआयटीचे रॉन रिव्हेस्ट, ज्यांच्या आडनावाचा ‘आर’ आरएसए या नावात आहे, त्यांनी १९९० साली एमडी४ आणि लगेच तिच्या जागी जास्त सावध अशी एमडी५ रचली. एप्रिल १९९२ मध्ये एमडी५चं वर्णन इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत १३२१ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं. माझ्या मते एमडी५ एवढी पसरली याचं कारण तिच्या गणिताइतकंच या कागदात आहे. त्यात नुसतं वर्णन नव्हतं, सी भाषेतला चालता प्रोग्राम होता. कोणीही उचलावा आणि वापरावा. १२८ बिटांचा ठसा, लिहायला बत्तीस अक्षरं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, एनएसएने रचलेली शा ही पद्धत जाहीर केली. १९९५ साली तिची दुरुस्त आवृत्ती आली, शा-१, १६० बिटांची. आज आपण वापरतो ती शा-२५६ या घराण्याच्या पुढच्या पिढीतली.

१९९४ साली जॉर्डन हबर्ड यांनी फ्रीबीएसडीमध्ये पोर्ट्स ही व्यवस्था सुरू केली. ही म्हणजे पाककृतींची वही समजा. त्यात सॉफ्टवेअर नसतं. ते कुठून आणायचं, त्यात काय बदल करायचे, कसं शिजवायचं एवढं लिहिलेलं असतं. आणि आणलेल्या मालाचा ठसा काय असला पाहिजे तेही लिहिलेलं असतं. यातलं मर्म असं की माल एका दुकानातून येतो आणि ठसा दुसऱ्याच माणसाच्या वहीत असतो. २००२ साली चोराने दुकान फोडलं, पण वही त्याच्या हाती लागली नाही.

ते दिवसही तसेच होते. जानेवारी १९९९ मध्ये विट्सा व्हेनेमा यांच्या टीसीपी रॅपर्स या सुरक्षेच्याच साधनाची फाइल हॉलंडमधल्या सर्व्हरवर बदलली गेली होती. ओपनएसएसएचनंतर दोनच महिन्यांत सेंडमेलची पाळी आली. सेंडमेल म्हणजे तेव्हा जगाची टपाल वाहणारा प्रोग्राम. नोव्हेंबरमध्ये टीसीपीडम्प. चोराच्या नजरेने पाहिलं तर हिशेब सोपा होता. हजार घरं फोडण्यापेक्षा कुलपाचा कारखाना फोडावा.

इथे एक माझी आठवण सांगतो, अगदीच किरकोळ आहे. २००६ च्या सुमाराला रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट फुकट, असा माझा प्लॅन होता. लिनक्सची सातशे एमबीची सीडी उतरवायला तीन रात्री लागल्या. पानावर खाली एमडी५ दिला होता, तो जुळला नाही. मी म्हटलं, एवढं काय त्यात, आणि सीडी जाळली. बसवताना ऐंशी टक्क्यांवर मशिन अडकलं, आणि जुनी विंडोज तोवर पुसली गेली होती. त्यात कोणाचा कट नव्हता, कुठेतरी तार हलली असणार. पण ‘जुळत नाही’ हा शब्द तेव्हापासून मी गांभीर्याने घेतो.

आता असा विचार करा की एकेका फाइलीचा ठसा माणसाने डोळ्यांनी ताडून पाहायचा म्हटलं तर ते होणे नाही. बत्तीस अक्षरांतली पहिली चार आणि शेवटची चार बघून आपण ‘बरोबर आहे’ म्हणतो, हे खरं ना? डेबियन या लिनक्स प्रकल्पात तर हजारो पॅकेजेस. तिथे साखळी बांधली गेली. प्रत्येक पॅकेजचा ठसा एका यादीत. त्या यादीचा ठसा एका वरच्या कागदात. आणि त्या वरच्या एका कागदावर डिजिटल सही. सही एक तपासली की तिच्याखालचं सगळं गोकुळ तपासलं गेलं. मर्कलच्या झाडाचीच ही जातकुळी. यातला फरक लक्षात ठेवा: ठसा सांगतो की ही फाइल तीच आहे, आणि सही सांगते की हे कोण म्हणतंय. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात मजकुराच्या शेवटी मोर्तब उठवत, म्हणजे पत्र इथे संपलं, यापुढे काही लिहिलेलं दिसलं तर ते आमचं नव्हे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यातही ही दोन वेगळी कामं एकत्र आहेत.

डेबियनला या साखळीची निकड कळली ती स्वतःच्या घरात चोर शिरल्यावर. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्या चार सर्व्हरांत कोणीतरी घुसलं. पॅकेजेसचा साठा सुदैवाने शाबूत निघाला. पण सामान्य वापरकर्त्याच्या मशिनवर ही तपासणी आपोआप होऊ लागायला एप्रिल २००७ मधली एच ही आवृत्ती यावी लागली. चांगली कल्पना सुचणं आणि ती लोकांच्या घरी चालू होणं यांत एवढा काळ जातो.

दरम्यान ठशालाच तडे गेले होते.

ऑगस्ट २००४, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बारा. गुप्तलेखनाची वार्षिक परिषद. शानदोंग विद्यापीठाच्या प्राध्यापक वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ ठसा एकच असलेल्या दोन वेगवेगळ्या मजकुरांची जोडी जाहीर केली. गंमत अशी झाली की त्यांनी आधी दिलेल्या जोडीत एमडी५चे आरंभीचे आकडे उलट्या क्रमाने धरले गेले होते, म्हणजे ती जोडी खऱ्या एमडी५ची नव्हतीच. दुसऱ्या कोणाचं असतं तर हसं झालं असतं. या मंडळींनी चूक कळताच परिषद चालू असतानाच नवी, बरोबर जोडी काढून दिली. चूक इतक्या झटपट दुरुस्त होते याचाच अर्थ पद्धत पक्की आहे, हे सभागृहातल्या सगळ्यांना कळलं. भाषण संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग एमडी५ संपली का? इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी हे अर्धवट सांगितलं जातं. एका वर्गात तेवीस मुलं असली तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पण तुमच्या स्वतःच्या वाढदिवसाला जन्मलेला माणूस तितक्याच शक्यतेने सापडायला साधारण अडीचशे माणसं जमवावी लागतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वांग यांनी सोडवला तो पहिला: कुठल्याही दोन फाइली, ठसा एक. २००२ च्या चोराला हवा होता दुसरा: ही जी फाइल आधीच जगात आहे, तिच्या ठशाची दुसरी फाइल. ते आजही कोणाला एमडी५मध्येसुद्धा करून दाखवता आलेलं नाही.

तर मग घाबरायचं कशाला? कारण दोन्ही फाइली चोरानेच तयार केल्या असतील तर? एक चांगली, एक वाईट, ठसा एकच. चांगली तपासायला द्यायची, तिच्यावर मान्यता घ्यायची, आणि नंतर वाईट चालवायची. डिसेंबर २००८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने दोनशे प्लेस्टेशन ३ यंत्रं जोडून नेमकं हेच केलं आणि एक खोटं पण सगळ्या ब्राउझरांना खरं वाटणारं प्रमाणपत्र मिळवून दाखवलं. ते प्रात्यक्षिक होतं. २०१२ साली उघडकीला आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रामने प्रात्यक्षिकाची गरज ठेवली नाही. त्याने एमडी५मधल्या याच कमकुवतपणाचा वापर करून मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही बनवली आणि तो विंडोज अपडेटचं सोंग घेऊन मशिनमध्ये शिरला. धोक्याची घंटा वाजून आठ वर्षं झाली होती. कुठल्या तरी जुन्या कोपऱ्यात एमडी५ अजून चालू होती, तेवढं पुरलं.

शा-१ जास्त टिकली. वांग यांनीच २००५ मध्ये तिच्यातली फट दाखवली, पण प्रत्यक्ष जोडी यायला २३ फेब्रुवारी २०१७ उजाडलं. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी ठसा एकच असलेल्या दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. मग वेबकिट या ब्राउझर प्रकल्पातल्या एकाने तपासणी म्हणून या दोन फाइली आपल्या भांडारात टाकल्या. ते भांडार सबव्हर्जनवर होतं आणि सबव्हर्जन शा-१ वरून ‘ही फाइल माझ्याकडे आहेच’ असं ठरवत असे. दोन वेगळ्या फाइली, ठसा एक. भांडार गोंधळून बसलं आणि काम ठप्प. शास्त्रज्ञांचा इशारा वाचून जे कळलं नसतं ते या फजितीने अनेकांना कळलं.

सबव्हर्जनच्या या सवयीत एक मोठी गोष्ट दडली आहे. ठसा हा आधी तपासणीचं साधन होता, हळूहळू तो फाइलीचं नावच झाला. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं तेव्हा त्यात प्रत्येक गोष्टीची ओळख तिचा शा-१ ठसा हीच ठेवली. उट्रेख्तच्या एल्को डोल्स्ट्रा यांच्या निक्स या व्यवस्थेत प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावातच ठसा असतो, त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या दहा आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, भांडत नाहीत. निस्टने ज्ञात सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या ठशांचा एक संदर्भसंग्रह उभा केला आहे. पोलीस एखादा संगणक जप्त करतात तेव्हा त्यात लाखो फाइली असतात. त्यातल्या विंडोजच्या, ऑफिसच्या, प्रिंटरच्या फाइली ठशावरून ओळखून बाजूला काढायच्या आणि उरलेल्या बघायच्या. नाव बदलून ठेवलं तरी ठसा बदलत नाही, म्हणून हे चालतं.

जप्तीचा विषय निघालाच आहे तर आपल्या देशातलंही सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या तिसऱ्या कलमातच हॅश म्हणजे काय ते समजावून सांगितलं आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यात ठसा लिहायची जागा आहे. समोर चौकोन आहेत: शा-१, शा-२५६, एमडी५, इतर. आता एमडी५ला तिथे जागा का, असा प्रश्न मला पडतो. जप्त केल्यानंतर फाइल बदलली नाही एवढंच दाखवायला ती बहुतेक पुरेल. पण फाइल बनवणारा माणूसच खटल्यातला एक पक्ष असेल तर? वर सांगितलेली जोडी आठवा. तुमच्यापैकी कोणावर असं प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर शा-२५६ समोर खूण करा.

ठशाच्या मर्यादा सांगणाऱ्या आणखी दोन घटना पटकन सांगतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडलं गेलं. चोराने डाउनलोडचा दुवा बदलून आपल्या बाधित डीव्हीडीकडे वळवला. माल आणि मालाचा ठसा एकाच पानावर असेल, तर पान ज्याच्या हाती गेलं तो दोन्ही बदलू शकतो. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली, आणि हिशेबाची वहीही त्याच्याकडेच. दुसरी घटना ३० जानेवारी २०२३ ची. गिटहबने फाइलींची गासडी बांधायची पद्धत, म्हणजे कॉम्प्रेस करण्याचा प्रोग्राम, बदलला. आतला एकही शब्द बदलला नव्हता, पण गासडीचे बाइट बदलले आणि जगभरातल्या वह्यांतले ठसे जुळेनात. किती तरी प्रकल्पांची बांधणी थांबली. काही तासांत गिटहबने बदल मागे घेतला. ठसा गासडीचा असतो, आतल्या मालाचा नव्हे, हे त्या दिवशी भल्याभल्यांना नव्याने शिकावं लागलं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यांत अवघड आहे.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन लिनक्समध्ये जिथे तिथे असतं. अनेक वर्षं ते जवळपास एकटा माणूस सांभाळत होता, मोबदल्याशिवाय, थकून गेलेला. जिया टॅन असं नाव लावणारा कोणी तरी मदतीला आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने नेकीने काम केलं, विश्वास कमावला, आणि नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या काढल्या. त्यांत एक चोरदरवाजा होता, आणि तो जाऊन पोचत होता कुठे, तर ओपनएसएसएचच्या सर्व्हरपर्यंत. बावीस वर्षांनी पुन्हा तेच कुलूप.

या वेळी सगळे ठसे जुळत होते. सही खरी होती. डेबियन, फेडोरा यांच्या प्रायोगिक आवृत्त्यांनी ती फाइल रीतसर तपासून घेतली. वही आणि माल यांत काही तफावत नव्हती, कारण वहीत लिहिलेला ठसा विषाच्याच बाटलीचा होता. हे सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला. आपल्या मशिनवर एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. २९ मार्च २०२४ ला त्याने ते जाहीर केलं. मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत हे विष पोचण्याआधीच थांबलं.

मात्र एक तपशील बघा. चोरदरवाजा उघडणारी एक महत्त्वाची ओळ गिटच्या सार्वजनिक भांडारात नव्हतीच, ती फक्त प्रसिद्ध केलेल्या गासडीत होती. म्हणजे कोणी भांडारातून स्वतः गासडी बांधून दोन्ही ताडून पाहिल्या असत्या तर फरक दिसला असता. ठसा चुकला नव्हता. एकाच माणसाने बांधलेल्या गासडीचा ठसा आपण त्याच गासडीशी ताडत होतो.

यावरचा उपाय २०१३ पासून डेबियनमध्ये आणि पुढे इतर अनेक प्रकल्पांत चालू आहे. एकाच मूळ मजकुरावरून वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी पॅकेज बांधायचं आणि सगळ्यांचा ठसा एक येतो का ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रोग्राम बांधताना त्यात तारीख शिरते, फोल्डरचं नाव शिरतं, फाइली कुठल्या क्रमाने वाचल्या तेही उतरतं. दोन घरची पुरणपोळी एकाच पाककृतीने केली तरी सारखी होत नाही, तसं. मग तारीख कुठली धरायची याचं मानक ठरवायचं, क्रम ठरवायचा, एकेका पॅकेजमागे बसून हे फरक काढायचे. हे काम रुक्ष आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. डेबियनच्या बहुतेक पॅकेजेसपर्यंत ते पोचलं आहे, सगळ्यांपर्यंत नाही.

आणि समजा सगळ्यांचे ठसे जुळले, पण सगळ्यांनी वापरलेला कंपाइलरच बाधित असेल तर? हा प्रश्न केन थॉम्प्सन यांनी १९८३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना विचारला होता. त्या भाषणाबद्दल पुढच्या भागात बोलू.